पाऊण सेकंदासाठी किती मोजायचे?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही लीड्सला राहतो. घरात गाडी एकच. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. तीस हजार पौंडांच्या आत २०२१ सालची वापरलेली, चारही चाकांना ताकद देणारी हॅचबॅक घ्यायची आहे. टोयोटाची जीआर यारिस की फोक्सवॅगनची गोल्फ आर, इथे गाडी अडलीय. शून्य ते ताशी शंभर किलोमीटर गोल्फ ४.७ सेकंदांत जाते, यारिस ५.५. मग लोक यारिसमागे एवढे का लागलेत?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : आधी त्या पाऊण सेकंदाचाच हिशेब करू. यारिस २६१ अश्वशक्तीची, वजन १२८० किलो. गोल्फ ३२० अश्वशक्तीची, वजन साधारण १५५० किलो. भागाकार केला की टनामागे यारिसला २०४ आणि गोल्फला २०६ येतात. म्हणजे जवळपास बरोबरीच. फरक पडतो तो गिअरबॉक्समुळे. त्या सालची यारिस फक्त मॅन्युअल. क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा, यात वेळ जातोच. गोल्फच्या सात गिअरच्या डीएसजीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात, पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच तयार असतो. सिग्नलवरून सुटताना हे जाणवेल, वळणावर नाही.

आता पैसे. ब्रिटनमध्ये नवी आली तेव्हा यारिस २९,९९५ पौंडांना होती आणि गोल्फ ३९,२७० ला. म्हणजे ०.८ सेकंदासाठी ९,२७५ पौंड, सेकंदाच्या दहाव्या भागाला साडेअकराशेच्या वर! मर्सिडीज-एएमजी ए४५ एस ५०,५७० ला आली, ४२१ अश्वशक्ती, ३.९ सेकंद. गोल्फवरून तिथे जायला दहाव्या भागाला चौदाशे पडतात. जितकं वर जाल तितका सेकंद महाग. आणि यारिसचा तो स्वस्ताईचा जमाना संपला. २०२४ ची सुधारलेली, २८० अश्वशक्तीची यारिस ४४,२५० पासून सुरू झाली. म्हणून जुन्या बाजारात २०२१ ची शोधणारे तुम्ही एकटे नाही.

मी स्वतः जीआर यारिस चालवते, तेव्हा माझा कल लपवत नाही. कोल्हापुरात वडिलांच्या गॅरेजात स्पॅनर हातात देत मोठी झाले. इतक्या वर्षांत एवढ्या जीव लावून बांधलेल्या गाड्या मोजक्याच पाहिल्या. छप्पर कार्बन फायबरचं, दारं आणि बॉनेट अॅल्युमिनियमचं, सगळा खटाटोप वजन कमी करण्यासाठी. मागच्या नोव्हेंबरात शेफिल्डहून ग्लॉसपला स्नेक पास या डोंगरातल्या रस्त्याने निघाले होते. पाऊस आडवा, रस्त्यावर ओली पानं. गिअरजवळचा गोल खटका स्पोर्टवर फिरवला की ताकदीचा ७० टक्के वाटा मागच्या चाकांकडे जातो. डावं वळण संपताना अॅक्सिलरेटर थोडा लवकर दाबला. मागची बाजू बोटभर बाहेर सरकली, तेवढ्यात पुढच्या चाकांनी ओढून गाडी सरळ केली. स्टिअरिंग मी हलवलंसुद्धा नव्हतं.

गोल्फ हेच काम वेगळ्या पद्धतीनं करते. तिच्या मागच्या अॅक्सलवर दोन क्लच आहेत. मागे आलेली सगळी ताकद ती एकट्या डाव्या किंवा एकट्या उजव्या चाकाला देऊ शकते. वळणात बाहेरच्या चाकाला रेटा मिळतो आणि गाडी आत वळते. शांतपणे, तुम्हाला कळूही न देता.

ब्रेक मात्र दोघींचे टायर जेवढे लागू देतील तेवढेच लागतात. आणि टायरवरून मी एकदा चांगलीच पोळले आहे. यारिसच्या आधी एका डीलरकडून चारचाकी ड्राइव्हची वापरलेली गाडी घेतली. मागे दोन कोरे टायर, पुढे झिजलेले. मला वाटलं, बरं झालं, दोनाचे पैसे वाचले. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरत राहिली आणि मागच्या चाकांकडे ताकद पोचवणारं कपलिंग सरळ रस्त्यावरही घासत राहिलं. हळू वळताना अंगावर येईल अशी थरथर. चारही टायर नवे घालावे लागले, तेल बदलावं लागलं. तेव्हा बघायला जाल तेव्हा वाकून चारही टायरची खोली मोजा, त्या कपलिंगचं तेल वेळेवर बदलल्याची नोंद मागा.

अजून एक. गोल्फच्या पहिल्या मालकानं दोन-तीन ऑप्शन घेतले असतील, तर तिची यादीतली किंमत ४० हजारांवर गेलेली असणार. अशा गाडीला दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा रोड टॅक्स बसतो, वर्षाला चारशेहून जास्त पौंड. २०२१ च्या गाडीला तो २०२७ पर्यंत चिकटलेला आहे. यारिसला ही भानगड नाही.

एवढं सांगून मी तुम्हाला गोल्फ घ्यायला सांगणार आहे. यारिसला दारं दोनच, सीटा चार, डिकी १७४ लिटरची. चार वर्षांच्या पोराची सीट मागे बसवायची, त्याला आत ढकलून वाकून पट्टा लावायचा, तोही रोज सकाळी शाळेच्या घाईत. माझ्या भाच्यासाठी मी हे एक आठवडा केलं, कंबर धरली. घरात दुसरी गाडी असती तर यारिसच घ्या म्हटलं असतं, क्षणभरही न थांबता.

प्रश्न : भारतात अशी गाडी मिळते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ए४५ एस नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, तेव्हा एक्स-शोरूम ७९.५० लाखांना. जीआर यारिस आणि गोल्फ आर कंपनीने इथे आणलेल्या नाहीत. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय सुमारे ५३ लाखांना आली, पण ताकद पुढच्याच चाकांना. पुढच्या अॅक्सलवर इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक आहे, म्हणजे घसरणाऱ्या चाकाऐवजी पकड असलेल्या चाकाला ताकद जाते, त्यामुळे ओल्या घाटात ती बरीच सावरून घेते. ताम्हिणीत पावसाळ्यात एकदा चालवून बघा आणि मग उरलेल्या लाखांचा विचार करा.