शंभरातलं एक

भुसावळ
रविवार, संध्याकाळ

प्रिय बेटा,

जय ख्रिस्त. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग काकूला वाचून दाखवलं. रागावू नकोस, तिच्यापासून मी काही लपवत नाही. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या मशीनकडून वाचून घ्याव्यात आणि त्यांचं ॲप करावं का, ही पहिली. दुसरी तू पत्राच्या शेवटी, पाकीट चिकटवता चिकटवता आठवावी तशी लिहिलीस: मागच्या महिन्यात उपासनेत तू केलेली मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागायची, प्रार्थना एआयकडून लिहून घेतली होतीस, पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि तेव्हापासून डोळे मिटले की चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं.

मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. का ते सांगायचं तर आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल. ती मी आजवर फार कमी लोकांना सांगितली आहे.

वीसेक वर्षांपूर्वी स्टेशनजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, केळीच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं, निवडणुकीची हँडबिलं, असं काम. नवापूरकडच्या एका मंडळीने दोन जाड वह्या आणून दिल्या. तारीख, नाव, गाव, बापाचं नाव, शेरा. शाई फिकट झालेली, कागद पिवळा पडलेला. पैसे घेणार नाही म्हणालो. दुकान बंद केल्यावर रात्री बसून टाइप करायचो आणि मनातून फार खूश असायचो, की कॉम्प्युटरचं वेड प्रभूच्या कामी आलं.

तुला माहीतच आहे, भिली बोलींत 'स' चा पुष्कळदा 'ह' होतो. नोंद करणाऱ्या त्या जुन्या पाळकाने नावं कानाला ऐकू आली तशी उतरवली होती. मला वाटलं, बिचाऱ्याला शुद्धलेखन येत नसावं. मी 'ह' चे 'स' केले. कुठे वेलांटी बदलली, कुठे शेवटचा 'या' काढला, कुठे 'बाई' जोडलं. यादी इतकी नीटनेटकी झाली की प्रिंट पाहून मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारी ज्येष्ठ माणसंही खूश झाली.

पुढे एका पावसाळ्यात त्या मंडळीच्या कपाटात पाणी शिरलं. पहिली वही भिजून तिची पानं एकमेकांना चिकटली. राहिली फक्त माझी यादी.

आणखी काही वर्षांनी एक गृहस्थ दुकानात आले. आई वारली होती, कबरीवरच्या क्रुसावर नाव घालायचं होतं. घरी सगळे तिला 'ह' च्याच नावाने हाक मारायचे, पण बाप्तिस्म्याच्या वेळी नेमकं काय लिहिलं होतं आणि कोणत्या दिवशी, ते त्यांना हवं होतं. मी यादी काढली. एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोन बाया, दोन वेगळ्या तारखा, बापाचा रकाना दोन्हीकडे रिकामा. त्या दोघींची नावं वेगळी होती, बेटा. एकीचं 'स' ने होतं, एकीचं 'ह' ने. मीच ती एक केली होती. ते गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग यातली माझी माय कोणती?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

त्या रात्री मी बायबलातल्या लूकच्या पंधराव्या अध्यायापाशी आलो आणि पुढे सरकू शकलो नाही. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचे कळप रस्त्याने जाताना तू पाहिले असशील. मालक कळपाकडे नजर टाकतो आणि कोण नाही ते त्याला कळतं. आपल्या धंद्यात नव्व्याण्णव टक्के म्हणजे पेढे वाटायची गोष्ट. प्रभूच्या दृष्टांतात तिथूनच काम सुरू होतं. योहानाच्या दहाव्या अध्यायातला मेंढपाळ तर मेंढरांना नावाने हाक मारतो, आणि मी नेमकं नावच पुसलं होतं.

आता तुझ्या ॲपचं. ओसीआर, म्हणजे पानाच्या फोटोतली अक्षरं वाचणारा प्रोग्राम, आणि एआय वापरायला माझी अजिबात हरकत नाही. मंडळीतले काही वडील तुला सांगतील की हे सैतानाचं यंत्र आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण ते मनावरही घेऊ नकोस. निर्गमच्या ३१व्या अध्यायात देव बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो ते सोनं, रुपं, पितळ, लाकूड आणि रत्नं घडवता यावीत म्हणून. हातातलं कसब हेही दान आहे. फक्त मशीन काय करतं ते नीट ओळखून घे. अक्षर फिकट दिसलं की ते अंदाज बांधतं, आणि अंदाज नेहमी जास्त वेळा पाहिलेल्या गोष्टीकडे झुकतो. मराठी मजकुरात ज्या नावाची गर्दी आहे ते नाव त्याला बरोबर वाटणार, आणि मावची या भिली बोलीतलं एखादं नाव चुकलेलं. मी रात्री जागून केलं तेच ते क्षणात करील, आणि तसंच सफाईने. नव्व्याण्णव टक्के अचूक म्हणजे दीड हजार अक्षरांच्या पानात पंधरा चुका, आणि त्या पंधरा चुका बहुतेक नेमक्या अशाच नावांवर पडतील.

या बाबतीत माझे खरे गुरू फार जुने आहेत. इब्री, म्हणजे हिब्रू, पवित्र शास्त्राच्या प्रती करणारे मासोराती लेखक. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ही माणसं शास्त्रातले शब्द आणि अक्षरं मोजून ठेवायची, अमुक शब्द या रूपात इतक्या वेळा येतो असं समासात लिहायची. नकल बरोबर उतरली का ते बेरजेवरून पडताळायला आपण जे चेकसम वापरतो, ते त्यांनी बोरूने केलं. पण मला हलवून गेली ती त्यांची दुसरी रीत. समोरचा शब्द चुकलेला वाटला, वाचताना वेगळाच म्हणायचा असला, तरी मूळ शब्दाला ते हात लावत नसत. तो जसाच्या तसा उतरवायचा आणि वाचायचं रूप समासात द्यायचं. लिहिलेलं ते 'कतीव', वाचायचं ते 'करे'. १००८ साली लिहिलेली अशी एक संपूर्ण प्रत आजही सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. त्या प्रतीपुढे मी आणि माझा 'ह' चा 'स'!

म्हणून तुझ्या डेटाबेसमध्ये नावाला दोन रकाने कर. एकात वहीत आहे तसं, काना-मात्रेसकट, चूक वाटली तरी. दुसऱ्यात शोधायला सोपं जाईल असं रूप. पहिला रकाना एकदा भरला की तो बदलायची सोय कुणालाच देऊ नकोस, स्वतःलाही नाही. तिसरा रकाना त्या पानाच्या फोटोचा. आणि हे फोटो कुठल्याही फुकटच्या साइटवर चढवू नकोस. कोणी कधी बाप्तिस्मा घेतला ही माहिती त्या घरांनी मंडळीच्या कपाटात ठेवायला दिली होती, बाजारात नाही. जे करायचं ते आपल्याच मशीनवर.

माझी जुनी यादी मी तुला देईन, पण ती जुन्या फॉन्टमध्ये आहे. तेव्हाचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत बसवलेली देवनागरी चित्रं. फॉन्ट काढला की सगळा कचरा दिसतो. पहिली वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, नंतर साठवली जाते. रफार तर त्याच्या अगदी उलट. हे उलटंपालटं सरळ करायला मी पर्ल नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला आहे. तुझ्या वर्गात आता कुणी पर्ल शिकत नसेल, तरी त्याची गोष्ट ऐक. तिचा कर्ता लॅरी वॉल आणि त्याची बायको भाषाशास्त्र शिकत होते. लिपी नसलेली एखादी भाषा शोधायची, तिला लिपी द्यायची आणि पवित्र शास्त्रही त्या भाषेत न्यायचं, असा त्यांचा बेत होता. तब्येतीमुळे तो राहिला. पुढे १९८७ साली त्याने ही प्रोग्रामिंगची भाषा केली आणि मत्तयच्या तेराव्या अध्यायातल्या मोत्यावरून तिचं नाव ठेवलं. त्याच नावाची दुसरी भाषा आधीच होती, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळलं. एका मोत्यासाठी सगळं विकणारा तो व्यापारी. लॅरी वॉलचा बेत मोडला खरा, पण इथे भुसावळात त्याच्याच हत्याराने मी नवापूरच्या नावांची रफारं जागेवर लावत बसलो होतो. हे मला निव्वळ योगायोग वाटत नाही. तुला तसं वाटलं तर वाटू दे, माझी हरकत नाही.

कॉम्प्युटरशास्त्रावर गाजलेली पुस्तकं लिहिणाऱ्या डोनाल्ड नुथचं नाव तुला अभ्यासक्रमातून माहीत आहे. तो लुथरन मंडळीतला श्रद्धावंत माणूस. त्याच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला तो २००८ पर्यंत दोन डॉलर छप्पन्न सेंटचा चेक देत असे. छप्पन्न का, ते तुला सांगायला नको, कॉम्प्युटरच्या मोजणीत २५६ हा आकडा तू रोज पाहतेस. मोठा माणूस एका चुकीच्या अक्षरासाठी हात खिशात घालायचा, हे मला आपल्या पंडिता रमाबाईंसारखं वाटतं. त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र एकटीने मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्या मुलींनीच खिळे जुळवून ते छापलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि शेवटच्या दिवसांपर्यंत त्यांच्यापुढे तपासायची प्रुफं होती.

आता ती प्रार्थना.

दुसऱ्याने लिहिलेली प्रार्थना म्हणणं हे पाप नाही. स्तोत्रं दाविदाची म्हणतो, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गीतं ना. वा. टिळकांची गातो, तेव्हा शब्द उसनेच असतात. त्यामुळे शब्द मशीनचे होते एवढ्यावरून स्वतःला चोर ठरवू नकोस. तू त्या प्रार्थनेचा कागद पत्रासोबत पाठवलास. मी वाचला. भाषा चांगली आहे. "सर्व आजारी बंधुभगिनींना आरोग्य दे", "सर्व शोकाकुल कुटुंबांचं सांत्वन कर". सगळीकडे 'सर्व'. मग तुझ्याच पत्राचं पहिलं पान पुन्हा उलटून पाहिलं. शेजारच्या ताईचं तिसरं मूलही पोटातच गेलं आणि ती दोन रविवार चर्चला आली नाही, हे तूच लिहिलं आहेस. मशीनला ती ठाऊक नव्हती. तुला होती. त्या रविवारी मंडळीत तिचं दुःख देवापुढे न्यायला कुणीच उभं राहिलं नाही, कारण उभं राहायची पाळी तुझी होती. तुला टोचतंय ते हे असावं. ते टोचणं बरं आहे, त्याला औषध शोधू नकोस.

या आठवड्यात तिच्या घरी जा. फोन घरी ठेवून जा. काही बोलायचं सुचलं नाही तर तिच्यासोबत मेथी निवडत बस. पुढच्या वेळी मध्यस्थीची पाळी आली की आधी चार घरं फिर आणि मग कागद घे. मराठी अडखळली तर अडखळू दे. व्याकरण तपासायला मशीन वापरलंस तरी चालेल, पण कुणासाठी मागायचं ते त्याला विचारू नकोस.

प्रार्थनेच्या वेळी फोनकडे हात जातो म्हणतेस. माझाही जायचा. शनिवारी रात्री मी सगळं बंद करतो आणि रविवारी दुपारच्या जेवणानंतर उघडतो. याहून शहाणा उपाय मला सापडलेला नाही.

तुझ्या वर्गातला तो मुलगा म्हणतो, मेंदू हाच कॉम्प्युटर आणि श्रद्धा म्हणजे त्यातला बग. त्याला वादात हरवायच्या मागे लागू नकोस. चाळीस वर्षं मशिनी उघडतोय मी, आणि सिद्धांताच्या जोरावर माझा विश्वास कधीच उभा नव्हता. त्या गृहस्थांना उत्तर देता आलं नाही त्या रात्री मला कळलं की दृष्टांतात मी मेंढपाळाच्या बाजूला उभा नाही. हरवलेलं ते मेंढरू मी आहे, आणि मला शोधत कुणीतरी भुसावळपर्यंत आलं. हे मी कोणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. सांगू मात्र शकतो, आणि तुला सांगितलं.

दुसरी वही शाबूत आहे. मंडळीने ती तपासण्यासाठी पुन्हा माझ्याकडे दिली आहे, कपाटात वरच्या फळीवर सुती कापडात गुंडाळून ठेवली आहे. चिकटलेली पहिलीही इथेच आहे. तिची पानं सोडवायचा प्रयत्न मी केला नाही, तूही करू नकोस. ते जाणकाराच्या हातचं काम आहे, तसा माणूस मी शोधतोय. परीक्षा संपली की ये. जळगावहून अर्ध्या तासाचा तर प्रश्न. सकाळी ये, ऊन चढायच्या आत ओट्यावर चांगला उजेड असतो, फ्लॅशशिवाय फोटो येतील.

आणि जमलं तर आजीला आण. नवापूरहून सुरत-भुसावळ लाइनवरची गाडी सरळ इथे येते, मी स्टेशनवर घ्यायला येईन. मला मावची येत नाही, तुलाही जुनी नावं सगळी माहीत नसतील. तू वहीतलं एकेक नाव मोठ्याने वाच, आजीला ऐकू दे, आणि ती जसं म्हणेल तसं मी समासात लिहीन. काकू म्हणते, आजीला कळण्याची भाकरी चालते का ते विचारून ठेव.

तुझा,
काका