शेवटचं सत्र, पहिली नोकरी: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

या वेळी बी.एस्सी. नर्सिंगच्या आठव्या सत्रातल्या आणि जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) शेवटच्या वर्षाच्या वाचकांची पत्रं जास्त आली. ज्यांचा विषय एकच आहे, त्यांना एकत्र उत्तर दिलं आहे.

आठवं सत्र म्हणजे पूर्ण इंटर्नशिप. पण वॉर्डात आमच्याकडून टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी आणि लॅबला चकरा एवढंच करून घेतात. असंच चाललं तर मुलाखतीत काय सांगायचं? (विद्यार्थिनी, लातूर)

आठव्या सत्रात आठवड्याला 48 तास, असे 22 आठवडे. त्यात प्रौढ रुग्णांच्या परिचर्येला 6 आणि समुदाय आरोग्य, बालरोग, मानसिक आरोग्य व प्रसूती यांना प्रत्येकी 4. एकूण 1056 तास झाले. तास भरपूर आहेत, पण ते अख्ख्या वॉर्डावर पसरले की हाताला काही लागत नाही. म्हणून ड्युटीवर आल्या आल्या इन्चार्ज सिस्टरांकडून दोन रुग्ण मागून घ्या. ‘सिस्टर, 7 आणि 8 नंबरचा बेड आज माझ्याकडे द्या, बाकीचे टीपीआर मी करतेच,’ असं म्हटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांचंही ओझं हलकं होतं. त्या दोघांचं मग सगळं तुमचं. औषधांच्या वेळा, इनटेक-आउटपुट, रिपोर्ट आणणं आणि वाचणं, नातेवाइकांना समजावणं, आणि पुढच्या ड्युटीला ओव्हर देणं, म्हणजे रुग्णाची माहिती सोपवणं. मुलाखतीत ‘तुम्ही सांभाळलेला एखादा रुग्ण सांगा’ असं विचारलं की हे दोन रुग्णच कामी येतात.

ड्रिपचं गणित मुलाखतीत येतंच असं धरून चला. 500 मिली सलाइन 4 तासांत द्यायचंय, मिनिटाला थेंब किती? सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मिली गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर (1 मिलीत किती थेंब), भागिले मिनिटं. घोटाळा होतो तो ड्रॉप फॅक्टरमध्ये. पुस्तकातल्या उदाहरणात बऱ्याचदा 15 धरलेला असतो, म्हणजे उत्तर 31 थेंब. आपल्या वॉर्डात येणाऱ्या साध्या आयव्ही सेटच्या पाकिटावर मात्र बहुतेक वेळा 1 मिलीला 20 थेंब छापलेले असतात. तिथे उत्तर 42. या 20 च्या सेटवर 31 थेंबांनी सोडलेलं सलाइन 4 तासांत संपत नाही, त्याला सव्वापाच तासांहून जास्त लागतात. उत्तर देण्याआधी ‘सेट कोणता आहे?’ असं विचारलंत, तर तुम्ही खरंच ड्रिप लावल्या आहेत हे समोरच्या मेट्रनना तिथेच कळतं.

प्रसूती कक्षातल्या 4 आठवड्यांत मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, गरोदर-बाळंत बाईच्या झटक्यांवरचं इंजेक्शन) भरायला शिका, तेही सिस्टर शेजारी उभ्या असतानाच. 50 टक्क्यांच्या 2 मिलीच्या अँप्यूलमध्ये 1 ग्रॅम औषध असतं. शिरेतून द्यायचे 4 ग्रॅम म्हणजे 4 अँप्यूल, 8 मिली. त्यात 12 मिली सलाइन मिळवलं की 20 मिली होतं, म्हणजेच 20 टक्क्यांचं द्रावण. ते 5 मिनिटांहून कमी वेळात द्यायचं नाही. 50 टक्क्यांचं औषध तसंच शिरेत सोडणं ही सगळ्यात घातक चूक. त्यानं श्वास थांबू शकतो. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त आहे का आणि लघवी तासाला निदान 30 मिली होते का, हे पाहायचं. यातलं एक जरी बिघडलं तरी डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. मॅगसल्फवर उतारा म्हणून 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं 10 मिलीचं अँप्यूल ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेलं हवं. गरज पडल्यावर कपाटाची किल्ली शोधत बसण्याइतका वेळ नसतो.

लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही त्याच दिवशी घ्या. महिनाभराच्या सह्या एकदम मागायला जावं तर सिस्टरांची बदली झालेली असते. शिवाय क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या ड्युट्यांची, उपस्थिती पदवीआधी 100 टक्के भरावी लागते. बुडालेल्या ड्युट्या मागाहून भरून काढाव्याच लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नोकरीच्या मुलाखती असतात.

आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात टाकलंय. सर्व्हेच्या वह्या भरतो. मला आयसीयूत काम करायचंय. हे चार आठवडे वाया जातात असं वाटतं. (विद्यार्थिनी, बीड)

आयसीयूत जायचं असेल तर जरूर जा, पण ही पोस्टिंग वाया घालवू नका. आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद असतं आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात त्याचं प्रशिक्षण धरलेलं आहे. पद कंत्राटी आहे, तरी गावाजवळ राहून स्वतंत्रपणे काम करण्याची ही संधी आहे.

तुमच्या जिल्ह्यात तर शिकायला खूप आहे. ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. त्या मधल्या काळात गरोदर बायांच्या तपासण्या आणि लेकरांच्या लसी राहून जातात. सर्व्हेला गेलात की माता-बाल संरक्षण कार्ड मागून घेऊन वाचा. राहिलेली लस पहिल्यापासून सुरू करत नाहीत. जिथे थांबली तिथून पुढे, दोन डोसांत किमान 4 आठवडे ठेवून. पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) एक तरी डोस वर्षाच्या आत झाला असेल तर पुढेही पेंटाच पूर्ण करायची. एकही झाला नसेल तर वर्षानंतर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस). क्षयरोगाची बीसीजी 1 वर्षापर्यंत देतात, गोवर-रुबेला 5 वर्षांपर्यंत. अशा पाच-दहा लेकरांची यादी करून आरोग्य सेविका ताईंच्या हाती दिलीत, तर तुमची सर्व्हेची वही कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

रात्रपाळीत मैत्रिणीला वापरलेली सुई टोचली. ओरडा बसेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. काय करायला हवं होतं? (विद्यार्थिनी, परभणी)

हे आजच वाचत असाल आणि सुई टोचून 72 तास झाले नसतील तर आधी उठा आणि कॅज्युअल्टीत जा. सुई टोचली की जागा साबण-पाण्यानं धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, स्पिरिट-डेटॉल चोळायचं नाही. लगेच इन्चार्जना सांगून नोंद करायची. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू करून 28 दिवस घ्यावं लागतं. रुग्णाची तपासणी त्याच्या संमतीनं होते, पण त्या तपासणीच्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवून धरत नाहीत. 72 तास उलटून गेले असले तरी तुमची स्वतःची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी करून घ्यायचीच.

हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिने अशी असते. तिसऱ्या डोसानंतर 1 ते 2 महिन्यांनी टायटर (लसीनं रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांची तपासणी) करून घ्या, ते 10 mIU/मिली किंवा जास्त हवं. आणि टोचण्याचं मोठं कारण म्हणजे सुईवर टोपण परत बसवणं. ते बसवूच नका. सुई पांढऱ्या डब्यात, आयव्ही सेट लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्यात. ओरडा बसला तर बसू द्या. विद्यार्थ्याला दुखापत लपवावीशी वाटते, हा वॉर्डाचा दोष आहे, मुलीचा नाही.

खासगी हॉस्पिटलनं महिना 12,000 देऊ केले आहेत. मूळ प्रमाणपत्रं जमा करायची आणि 2 वर्षांचा बाँड लिहून द्यायचा. घरचे म्हणतात, धर नोकरी. (विद्यार्थिनी, नांदेड)

मूळ कागद देऊ नका. या एका बाबतीत तडजोड नको. पडताळणीला मूळ प्रती दाखवायच्या, साक्षांकित झेरॉक्स द्यायची आणि मूळ कागद घेऊनच घरी यायचं. प्रमाणपत्रं अडकली की सरकारी भरतीच्या कागदपत्र तपासणीला जाता येत नाही, आणि पुष्कळ मुलींची दोन-दोन वर्षं अशीच गेली आहेत.

पगाराचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या निर्देशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीच्या शिफारशी आहेत. 200 हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार, 100 हून जास्त खाटांना त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांना फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी 20,000 च्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोडल्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती दिसत नाही. तरी बोलणी करताना हे आकडे तुमच्या तोंडी असावेत.

12,000 वर रुजू व्हायचंच ठरलं तर नेमणूकपत्र मागा. त्यात पद, पगार, पाळीचे तास, सुट्ट्या आणि नोटिशीचा काळ लिहिलेला हवा. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू असतो, आणि तुमच्या पगाराला तो कापला जायलाच हवा. पीएफ म्हणजे नुसती बचत नाही. उद्या अनुभव सिद्ध करताना तो तुमचा साक्षीदार असतो. जीएनएमच्या मुलींनी आणखी एक बघावं. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला जीएनएम उमेदवाराकडे किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव मागतात. 30 खाटांच्या ठिकाणी 3 वर्षं राबलात तरी तो तिथे धरला जात नाही. म्हणून अनुभव प्रमाणपत्रावर खाटांची संख्या आणि रुजू-मुक्त झाल्याच्या तारखा लिहून घ्या. बी.एस्सी.ला ही अट नाही.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: आयसीयूत एका पाळीला किती रुग्ण, किती सिस्टर? व्हेंटिलेटरवरचे तीन रुग्ण एका नव्या मुलीकडे देत असतील तर 3,000 जास्त मिळत असले तरी घेऊ नका. तिथे चूक झाली तर ती तुमच्या नावावर लागते.

मी मुलगा आहे. प्रसूती कक्षात बाया आणि नातेवाईक येऊ देत नाहीत. लॉगबुकातल्या प्रसूतीच्या केसेस कशा भरू? (विद्यार्थी, हिंगोली)

त्यांचा संकोच मान्य करा, हुज्जत घालू नका. बाईला आणि तिच्या सोबतच्या बाईला आधी स्वतःची ओळख सांगा, परवानगी विचारा आणि सिस्टर सोबत असतानाच थांबा. नाही म्हणाल्या तर बाहेर या. दिवसपाळीपेक्षा रात्रपाळीत केसेस मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण तेव्हा हात कमी असतात. त्या ड्युट्या मागून घ्या. न केलेली केस मात्र लिहू नका. अडचण सत्राच्या सुरुवातीलाच क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना लेखी द्या. केसेस पूर्ण होणं गरजेचंच आहे, कारण नोकरीला नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी मागतात. नॉरसेटमध्ये एम्सच्या जागा महिला 80 आणि पुरुष 20 टक्के असतात, त्यामुळे तुमची स्पर्धा जास्त आहे. डायलिसिस, कॅज्युअल्टी, ओटी (शस्त्रक्रियागृह) आणि मानसोपचार इथल्या ड्युट्या मन लावून करा. खासगीत ब्रदरना (पुरुष परिचारकांना) तिथे मागणी असते.

निकाल लागल्यावर नोंदणीला काय काय लागतं? माझ्या बहिणीचा अर्ज नावावरून परत आला होता. (विद्यार्थिनी, जालना)

तुमच्या बहिणीसारखं पुष्कळांचं होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, कॉलेजच्या कागदावर वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं, आणि लग्न झालं असेल तर चौथंच नाव. दहावी, बारावी, विद्यापीठाच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि आधार आजच एका टेबलावर मांडून स्पेलिंग ताडून बघा. आधार दुरुस्त करणं सोपं, ते दहावीशी जुळवून घ्या. गुणपत्रिकेतली चूक कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे जाते. तिला वेळ लागतो, म्हणून ती इंटर्नशिप चालू असतानाच सुरू करा. लग्नानंतरचं नाव लावायचं असेल तर राजपत्रातली नोंद जवळ हवी.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी 5 वर्षांनी नूतनीकरणाला येते. दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर तिथल्या परिषदेची नोंदणी वेगळी करावी लागते. अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) सरकारी भरतीसाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवास यांतलं जे लागू असेल ते काढून ठेवा; नॉन-क्रीमीलेअरची मुदत कधी संपते ते पाहा. परीक्षेत नर्सिंगबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणीही असते, आणि नर्सिंग उत्तम असलेल्या मुली तिथे मागे पडतात. रोज तासभर त्यालाही द्या. भरतीच्या जाहिरातीत नोंदणी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत झालेली मागतात, म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात परिषदेकडे अर्ज करा आणि पावती जपून ठेवा.