स्टॅम्प चालू आहे, म्हणून भारतात जाऊन येऊ का?

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये माझा, बायकोचा आणि मुलाचा आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरला. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) डिसेंबर २०१४, अजून नंबर लागलेला नाही. गेल्या वर्षी नोकरी बदलली. नव्या कंपनीने एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा) केला नाही, ईएडीवर (अर्जदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) काम करतो. ॲडव्हान्स पॅरोल (अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) संपलाय. वडील मिरजेत आयसीयूत आहेत. पासपोर्टवरचा एच-१बी स्टॅम्प आणखी आठ महिने चालतो. मित्र म्हणतात, त्यावर जाऊन ये. जाऊ?

उत्तर : नाही. निदान आज रात्रीच्या विमानाने तरी नाही.

मित्र सांगतात ती सवलत खरी आहे, पण ती तुमची राहिलेली नाही. आय-४८५ प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोलशिवाय देश सोडला, की अर्ज सोडून दिला असं धरतात. यातून सुटतात ते एच-१बी किंवा एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) चालू असलेले आणि त्याच दर्जावर परत येणारे. तुम्ही ईएडीवर नव्या कंपनीत रुजू झालात त्या दिवशी तुमचा एच-१बी संपला, बायको-मुलाचा एच-४ही (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा दर्जा) त्याबरोबर गेला. स्टॅम्प उरला, दर्जा उरला नाही. आणि तो स्टॅम्प दाखवून विमानतळावर ‘जुन्याच कंपनीत आहे’ म्हणालात, तर ते खोटं विधान. त्याचा डाग आयुष्यभर पुसत नाही.

नोकरी बदलण्यात मात्र तुमची चूक नाही. अर्जाला १८० दिवस झाल्यावर तशाच कामाच्या नोकरीत जाता येतं.

अर्ज गेला तर मंजूर आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज) आणि प्रायॉरिटी डेट टिकेल, पण नवा आय-४८५ रांग पुन्हा तुमच्या तारखेपर्यंत पोचल्यावरच भरता येईल. बायको-मुलाचे अर्ज तुमच्यावरच टेकलेले आहेत, तेही कोसळतील. इथे घरी बसून, न हलता.

आता करायचं काय. सकाळी यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून तातडीच्या ॲडव्हान्स पॅरोलसाठी स्थानिक कार्यालयाची अपॉइंटमेंट मागा. आय-१३१ (ॲडव्हान्स पॅरोलचा फॉर्म), फोटो, आय-४८५ची पावती आणि डॉक्टरांचं पत्र न्या. ‘प्रकृती चिंताजनक’ एवढ्यावर भागत नाही. आजाराचं निदान, ॲडमिट केल्याची तारीख आणि तुम्ही लगेच येणं का गरजेचं, हे लेटरहेडवर सहीनिशी हवं. भावाला आजच वॉर्डात पाठवा. कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, खाली भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र.

मंजुरीचा कागद हातात पडल्यावरच निघा, नुसता अर्ज भरून नाही. परत येताना तुम्हाला बाजूच्या खोलीत बसवतील, तासभर जाईल. घाबरू नका, पॅरोलवाल्यांना तिथेच नेतात.