'पब्लिक हिस्टरी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: "माझी भाची इतिहासात एम. ए. झाली. तिला 'पब्लिक हिस्टरी'त पुढे काम करायचे आहे. स्वतःची ओळख मराठीत लिहिताना तिने 'लोकइतिहास' असा शब्द वापरला. तो बरोबर आहे का? आणि हे काम करणाऱ्याला काय म्हणायचे?"

पब्लिक हिस्टरी म्हणजे विद्यापीठाबाहेर, संग्रहालयांत, माध्यमांत, लोकांसाठी चालणारे इतिहासाचे काम. त्याला 'लोकइतिहास' म्हणणे मी तरी टाळेन. शब्दाच्या आधी 'लोक' लागला की मराठीत लोकांनी रचलेले, लोकांच्या तोंडी असलेले असा अर्थ होतो. लोकगीत, लोककथा, लोककला आठवा. म्हणजे लोकइतिहास हा ओवीत, पोवाड्यात, दंतकथेत उरलेला भूतकाळ. पब्लिक हिस्टरीवाल्याला तो कामाला येतो, पण त्याच्या व्यवसायाचे ते नाव नव्हे. 'जनइतिहास' म्हटले तर राजेरजवाडे सोडून कष्टकऱ्यांच्या बाजूने लिहिलेला इतिहास डोळ्यांसमोर येतो. तेही वेगळे प्रकरण.

मूळ नावाचा जन्म पाहिला की गुंता सुटतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत इतिहासाचे पीएच.डी. झालेले पुष्कळ आणि प्राध्यापकीच्या जागा थोड्या, अशी अवस्था झाली. रॉबर्ट केली हे कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठात प्राध्यापक होते आणि पाण्याच्या हक्कांवरून चाललेल्या खटल्यांत इतिहासतज्ज्ञ म्हणून साक्षही देत. इतिहासाला वर्गाबाहेर गिऱ्हाईक आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९७६ साली तिथे या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला, १९७८ साली 'द पब्लिक हिस्टॉरियन' हे नियतकालिक निघाले. केलींच्या व्याख्येत 'पब्लिक' म्हणजे विद्यापीठाबाहेरचे सगळेच: सरकारी खाती, संग्रहालये, माध्यमे आणि खासगी कंपन्यासुद्धा! कंपनीच्या बंद कपाटातली कागदपत्रे लावणारा माणूसही 'पब्लिक'. लोकांसाठी आणि लोकांना सोबत घेऊन इतिहास मांडणे, या अर्थावरचा भर पुढे वाढत गेला.

आज हाच अर्थ पुढे असल्यामुळे विषयाला 'सार्वजनिक इतिहास' म्हणायला माझी हरकत नाही. सर्वजनांचे ते सार्वजनिक. पुण्याची सार्वजनिक सभा १८७०ची. तिच्यामुळे गणेश वासुदेव जोशी 'सार्वजनिक काका' झाले. शब्द चांगला रुळलेला आहे. 'लोकाभिमुख इतिहास'ही सुचवला जातो, पण त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. 'उपयोजित इतिहास' मात्र वाईट नाही. 'उपयोजित कला' आपण म्हणतोच.

माणसाला काय म्हणायचे, ही खरी अडचण. 'सार्वजनिक इतिहासकार' म्हटले की सार्वजनिक नळासारखे वाटते, कुणीही यावे आणि तोटी सोडावी! शिवाय आपल्याला हे विशेषण लागतेच कशाला? राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, रियासतकार सरदेसाई यांच्यापैकी एकही जण विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. भारत इतिहास संशोधक मंडळही १९१० साली विद्यापीठाबाहेरच उभे राहिले. वर्गाबाहेरचा इतिहासकार हा मराठीत अपवाद नव्हताच, मग त्याच्यासाठी वेगळा शब्द कुठून यावा?

म्हणून कामाचे नाव घ्यावे. संग्रहालयातला 'अभिरक्षक', अभिलेखागारातला 'अभिलेखपाल', मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेणारा 'मुलाखतकार', जुने कागद वाचून देणारा 'मोडी वाचक'. यंत्रे आता हस्ताक्षर वाचू लागली आहेत, तेव्हा यंत्राने लावलेला मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहणाऱ्याची गरज वाढेल असे मला वाटते. त्याला अजून नाव नाही. माझे मत विचाराल तर 'दप्तरदार' (दप्तर, म्हणजे कागदपत्रे सांभाळणारा) हा जुना शब्द पुन्हा कामाला लावावा. तो आज बहुतेक आडनावापुरताच उरला आहे, म्हणून कुणी हसेल, हसू द्यावे.

भाचीला सांगा, "मी लोकइतिहासकार आहे" हे वाक्य खोडून असे लिही: "मी सार्वजनिक इतिहासाच्या क्षेत्रात काम करते, जुनी कागदपत्रे लावते, मुलाखती नोंदवते आणि प्रदर्शनांचा मजकूर लिहिते." यातले जे येत नसेल तेवढे गाळायचे.