आईसारखंच माझंही इनॅमल कच्चं आहे, ब्रेसेस लावता येतील का?

लावता येतात, पण पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आईच्या दातांबद्दलही सांगा. इनॅमल म्हणजे दातावरचं कडक आवरण; ते जवळपास ९६ टक्के खनिज असतं आणि ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून जातात. म्हणून गेलेलं इनॅमल शरीर परत बनवत नाही. ते किती जाड, किती टणक होणार हे बऱ्याच अंशी जनुकं ठरवतात. अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा या आनुवंशिक विकारात ते पातळ किंवा मऊ राहतं. यातलं बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असेल, तर मुलग्यांचे दात सरसकट बिघडतात; मुलींच्या दातांवर मात्र बऱ्याचदा उभ्या रेघा दिसतात. उजेडात, आरशात नीट बघा.

ब्रॅकेट म्हणजे ब्रेसेसची तार धरणारा, दातावर चिकटवलेला छोटा तुकडा. तो चिकटवण्याआधी दाताला फॉस्फोरिक आम्ल लावून पृष्ठभाग खरखरीत करतात. कच्च्या इनॅमलवर पकड बसत नाही, ब्रॅकेट वारंवार निघतो, आणि शेवटी काढताना टवका उडायची भीती असते. त्यामुळे अशा दातांसाठी दाताभोवती बसणारे धातूचे बँड, ग्लास आयोनोमर सिमेंट (दातांना चिकटणारं एक सिमेंट) किंवा अलाइनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) यांचा विचार होतो.

ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग पडतात, ते मुख्यतः साचलेल्या किटणामुळे. फ्लोराइडची पेस्ट वापरा, रात्रीचा ब्रश कृपा करून चुकवू नका.