मास्तरांचा मुलगा आणि लग्नाच्या कॅसेटी

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे. मुलगा बारावी सायन्सला. सहामाहीत फिजिक्सला ७० पैकी २९. सगळं लक्ष गावातल्या फोटो स्टुडिओत. लोकांच्या जुन्या लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून त्यांचे एमपीफोर करून देतो. बटण दाबायचं काम! लोक विचारतात, मास्तरांचा मुलगा कॅसेटी भरतो का? दिवाळीपासून लॅपटॉप कपाटात कुलूपबंद आहे. त्याच्या वहीच्या पानांची झेरॉक्स जोडतो, म्हणजे वेळ कसा वाया घालवतो ते कळेल. त्याला धाक बसेल असं उत्तर द्यावं. (पत्र संक्षिप्त)
– एक पालक, बार्शी

उत्तर : सर, धाक बसेल असं उत्तर मी देणार नाही. ते काम तुम्ही दिवाळीपासून करताच आहात. कुलूप लावल्यानंतरच्या सराव परीक्षेत फिजिक्सला किती पडले, हे तुमच्या तीन पानी पत्रात कुठेच नाही. वाढले असते तर तुम्ही नक्की लिहिलं असतं. मुलाला स्वतःला काय करायचंय, यावरही एक वाक्य नाही. ‘लोक’ मात्र चार वेळा आलेत. आणि ती वही त्याला विचारून घेतली होतीत का? माझा अंदाज, नाही. बारावीतल्या मुलाच्या दप्तरातून वही काढून तिची झेरॉक्स परक्या माणसाला पाठवणं मला २९ गुणांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

पण पाठवलीच आहेत, तर पानं मी वाचली. बटण दाबायचं काम नाही हे. एमपीफोर हा नुसता डबा. आत चित्र कोणत्या पद्धतीने आणि किती दाबून भरायचं, आवाजाला किती जागा द्यायची, हे कुणीतरी ठरवावं लागतं. तुमच्या मुलाने अक्षता पडतानाचा एकच तुकडा एच.२६४ या दाबायच्या पद्धतीत सीआरएफ १८, २३ आणि २८ वर काढून पाहिलाय. सीआरएफ म्हणजे चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा, ० ते ५१ असतो, न बदलल्यास २३. तो वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र बिघडतं. आता त्याने अक्षताच का निवडल्या? नवरा-नवरी स्तब्ध उभे असतात तेव्हा पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवरून जवळपास फुकटात बांधता येते. शेकडो तांदूळ वाटेल त्या दिशेने उडाले की ती सोय संपते आणि पडद्यावर चौकोन दिसायला लागतात. सेटिंग कुठे हरतं हे नेमक्या त्या जागी जाऊन बघावं, हे त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही. पुढच्या पानावर ‘डीइंटरलेस चालू’. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम. पण प्रत्येक फ्रेम दोन क्षणांची, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. कॉम्प्युटरवर हलत्या हाताच्या कडा त्यामुळे फाटतात; त्या सांधायचं काम म्हणजे डीइंटरलेस. आणि आवाजाखाली एक ओळ : ‘ऑटो लेव्हल नको, मंगलाष्टकं थांबली की पंख्याचा आवाज वर येतो.’ ऑटो लेव्हल म्हणजे आवाज हळू झाला की आपोआप वाढवणं. हा मुलगा ऐकतो, सर. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात याच कानाची किंमत असते.

‘यात काय मोठं’ असं वाटणारे तुम्ही पहिले नाही. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी १९७२ साली अमेरिकेत डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म (चित्र किंवा आवाज लहरींच्या बेरजेत मांडायची गणिती युक्ती, ज्यामुळे तो दाबून भरता येतो) या कल्पनेवर संशोधनासाठी निधी मागितला. कल्पना फारच साधी आहे म्हणून तो नाकारला गेला. त्यांनी तरीही काम केलं आणि १९७४ मध्ये ते सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलं. जेपेग फोटो, एमपेग व्हिडिओ आणि तुमचा मुलगा वापरतो ते एच.२६४, सगळ्यांच्या पोटात त्याच कल्पनेची रूपं आहेत.

आता थोडं त्याच्याशी, कारण हे तो वाचेलच. बाळा, कॅसेटी उतरवणं हे करिअर नाही. गावातल्या कॅसेटी संपतील, आणि साध्या रूपांतराचं काम फोनमधलं अ‍ॅपसुद्धा करतं. स्टुडिओवाला तुला पूर्णवेळ ये म्हणाला तर जाऊ नकोस. तुझ्या वहीच्या मुळाशी जे आहे त्याला सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात, म्हणजे आवाज आणि चित्रावर गणिताने काम करणं, आणि ते तरंगांच्या त्याच धड्यावर उभं आहे ज्यात तुझे गुण जातायत. तो धडा टाळून पुढे जाता येणार नाही.

सर, रस्ते तुम्हाला माहीत असतील : एमएचटी-सीईटी देऊन इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, नाहीतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि संकलनाचे अभ्यासक्रम आहेत, पण त्यासाठी आधी पदवी लागते. कोणता रस्ता घ्यायचा ते आज ठरवायची गरज नाही.

आज करायचं ते एवढंच : लॅपटॉप बाहेर काढा, तास वाटल्यास दोघांनी बसून ठरवा, आणि वही घेतल्याबद्दल त्याच्याशी बोला. स्टुडिओ परीक्षा होईपर्यंत फक्त रविवारी.

त्याच्यासाठी एक प्रश्न देतोय. फोनवर काढलेला तासाभराचा कार्यक्रम एडिटिंगमध्ये घेतला की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटाकडे जुळत नाहीत. असं का होतं आणि रूपांतर करताना कोणतं सेटिंग बदलशील? उत्तर मला त्याच्या अक्षरात हवं. तुम्ही तपासून पाठवू नका.