नमुने पाण्यात टाकण्याआधी

रत्नागिरीत बसून कार्बन-इपॉक्सीवर (इपॉक्सी नावाच्या रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बनच्या धाग्यांच्या थरांवर) दमटपणाचा परिणाम तपासायचा म्हणतोस, जागा झकास निवडलीस. इथे पावसाळ्यात पापड तासाभरात मऊ पडतो. इपॉक्सीचंही तसंच, फक्त महिने लागतात.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

१. नमुना वजन स्थिर होईपर्यंत ओव्हनमध्ये सुकव. बहुतेक नवखे इथेच चुकतात. इथली हवा दमट, त्यामुळे कपाटात ठेवलेला तुकडाही पाणी पिऊन बसलेला असतो. कोरडं वजनच ठाऊक नसेल तर वाढ कशावरून ठरवणार? ती मुळात असते जेमतेम एक-दोन टक्के; काटा बारीक हवा.

२. घाईने पाणी उकळू नकोस. पाणी शिरलं की रेझिन आधीपेक्षा कमी तापमानाला मऊ पडतं; ती मर्यादा ओलांडलीस तर भलताच बिघाड मोजशील. हाताने बनवलेल्या, नुसत्या खोलीच्या तापमानाला सेट झालेल्या तुकड्याला ४० अंश पुरे.

३. कापलेल्या कडा रेझिनने बंद कर.

कार्बनचा धागा पाणी पीत नाही, रेझिन पितं. म्हणून धाग्याच्या दिशेने ताणून बघशील तर फारसा फरक दिसणार नाही. थरांमधली कातर-चाचणी घे, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवायला किती जोर लागतो ते बघ. पाणी आत कसं झिरपत जातं ते मांडणारी फिकची समीकरणं नंतर बघू.